आधीचं की आत्ताचं

“तुला कुठलं हवंय?” भिंगरीनं विचारलं आणि चष्मेवाल्याचा हात काचेसकट हवेतच राहिला.

प्रश्न त्यानं विचारला होता, उत्तर तिनं द्यायचं होतं. सतरा वर्षं तो हा एकच प्रश्न विचारत आला होता. माणसाला खुर्चीत बसवायचं, नाकावर ती काळी, गोल, जड तपासणीची फ्रेम चढवायची, पेटीतली एक काच खाचेत टाकायची, ती काढून दुसरी टाकायची आणि विचारायचं, आधीचं स्पष्ट की आत्ताचं? वकील यावर वाद घालायचे. म्हाताऱ्या माणसांना वाटायचं आपली परीक्षा चालली आहे, ती अक्षरं पाठ करून यायची. एक निवृत्त पोस्टमास्तर दर वेळी म्हणायचे, “दोन्ही वाईट आहेत, तुझ्याकडे तिसरं काही आहे का?” आणि तो हसत तिसरी काच काढायचा. यंत्र काहीही म्हणो, खुर्चीतला माणूस म्हणेल ते खरं. डोळा त्याचा, बघणार तो. या धंद्यातली एवढी एकच गोष्ट त्याला मनापासून आवडायची, की दिवसभर लोकांना विचारायचं आणि ते सांगतील त्यावर विश्वास ठेवायचा. भीती वाटायची ती फक्त एका जातीच्या गिऱ्हाइकाची. भिडस्त माणसांची. “तुम्ही म्हणाल ते,” म्हणणाऱ्यांची. ती माणसं काचेकडे बघत नाहीत, तुमच्या तोंडाकडे बघतात, तुम्हाला काय हवंय ते ओळखतात आणि तेच सांगतात. मग चुकीचा नंबर डोळ्यांवर घेऊन आभार मानून निघून जातात, महिनोन्‌महिने डोकं दुखतं, पण परत येत नाहीत. आणि आज तसलं गिऱ्हाईक त्याच्या खुर्चीत बसलं होतं. वय वर्षं पावणेपाच. पाय जमिनीपासून दीड हात वर, नाकावर मोठ्या माणसांची फ्रेम, ती घसरू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेली.

“मला काही नको,” तो म्हणाला. “तुला कसं दिसतं ते सांग.”

“छान.”

“आधीचं छान की आत्ताचं?”

भिंगरीनं आरशात बघितलं. दुकान लांबीला एवढंसं, तक्ता पुरेसा लांब टांगायला भिंतच नव्हती, म्हणून तक्ता खुर्चीच्या मागे आणि समोर आरसा. माणूस आरशात बघून मागचं वाचायचा. भिंगरीला अक्षरं येत नव्हती, तिच्यासाठी चित्रांचा तक्ता लावला होता. घर, बदक, छत्री, सफरचंद. पण ती घराकडे बघत नव्हती, बदकाकडेही नाही. त्याच्या लक्षात आलं, की आरशात तक्त्याशेजारी आपलं तोंडही दिसतंय आणि आपली मुलगी तेच वाचते आहे.

सकाळी बालवाडीच्या दारात बाईंनी त्याला थांबवलं होतं. बाई घाईत असल्या तरी शांत बोलायच्या. “पायरी आली की ती पाय केवढा उचलते बघितलंत का? समोर ओंडका पडल्यासारखा. आणि पूर्वी मैदानात गरगर फिरायची, आता कडेनं भिंतीला हात लावून चालते. मी विचारलं, तर म्हणते छान आहे. तुम्ही तर चष्म्यातलेच. एकदा बघून घ्या.” तो ‘हो’ म्हणाला आणि दुकानाकडे चालत निघाला. खरं तर त्याला हे दिसत होतं. भिंगरी हे नाव तिच्या आईनं ठेवलेलं, कारण उभं राहायला आल्या दिवसापासून ही मुलगी एका जागी उभी राहिली नाही. ती आता कडेकडेनं चालत होती आणि त्याला ते दिसत होतं; पण त्याचं उत्तर त्याच्याजवळ तयार होतं. आई गेली ना तिची, म्हणून. जेवली नाही, आई गेली म्हणून. झोपेत दचकली, आई गेली म्हणून. शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळे हेच सांगत होते, आणि तेही खोटं नव्हतं. तीन महिने झाले होते. घरात जे काही बिघडायचं, नळसुद्धा गळायचा, त्याला एकच कारण पुरत होतं.

“थांब हं,” तो म्हणाला आणि खुर्चीच्या मागे खाली उकिडवा बसला, आरशात दिसणार नाही असा.

“बाबा? कुठे गेलास?”

“इथेच आहे. खाली.”

“का?”

“माझं तोंड बघून सांगू नकोस म्हणून.”

वर खुर्ची करकरली. मग फ्रेमच्या आतून विचार करणारा आवाज आला, “मग मला कसं कळणार?”

या वाक्यावर तो बराच वेळ खालीच बसून राहिला. गुडघे दुखायला लागले. समोर खुर्चीचा लोखंडी पाय होता, त्यावरचा रंग उडाला होता, आणि त्याच्या शेजारी भिंगरीची एक चप्पल पडली होती. तिला स्वतःला काय दिसतं हे कळायला बाबाचं तोंड लागत होतं. हे कधी झालं? ती अशी नव्हती. दीड वर्षाची असताना ती पहिला शब्द शिकली तो ‘नको’. तिच्या आईला त्याचं केवढं कौतुक. आई आणि बाबा शिकायच्या आधी ‘नको’! तो म्हणायचा, लाडावते आहेस. ती म्हणायची, “नको म्हणता येत असेल तरच तिच्या ‘हो’ला काही अर्थ.” ती असलं काही बोलून कपाट आवरायला घ्यायची, म्हणजे पुढे बोलायची सोय नाही. कपडे घालायच्या आधी विचारायची, कडेवर घ्यायच्या आधी हात पुढे करून थांबायची. दीड वर्षाच्या पोरीपुढे हात पसरून उभी. त्याला हसू यायचं, घाईच्या वेळी रागही यायचा. एकदा तो म्हणालाही होता, “तुझ्या या विचारण्यात आपली बस थांब्यावरून निघून जाते.” तर म्हणाली, “पुढची येते.”

तो उठला. मग त्यानं एक गोष्ट केली, जी गिऱ्हाइकावर नाइलाजानं करायची असते. काच काढली, फडक्यानं पुसली आणि तीच परत खाचेत टाकली. “हं, आता? आधीचं की आत्ताचं?”

“आत्ताचं जास्त छान,” भिंगरी म्हणाली आणि आरशात हसली. त्याला बरं वाटावं म्हणून.

आपण लेकीला फसवून पकडलं याची त्याला लाज वाटली. फ्रेम उतरवून त्यानं तिला विचारलं, “खाली उतरवू की उतरतेस?” ती म्हणाली, “तू म्हणशील तसं.” त्यानं डोळे मिटून घेतले. मग तिचा रोजचा चष्मा उचलून, काही तरी करायचं म्हणून, नंबर मोजायच्या यंत्राखाली धरला. हे त्यानं आधीच करायला हवं होतं, पण चष्मा त्यानं स्वतः बनवलेला. सुतार काही आपल्या घरच्या खुर्चीवर रोज वजन ठेवून बघत नाही. उजवी काच यंत्रात घातली. यंत्रातल्या हिरव्या रेघा फिरवल्या, जुळवल्या, आकडा वाचला. डोळ्यांच्या डॉक्टरांचं कार्ड काढलं. पुन्हा वाचला. डावी काच घातली. दोन्ही डोळ्यांना तिरका नंबर होता, उजव्याचा एका बाजूला झुकलेला, डाव्याचा दुसऱ्या. काचा निर्दोष होत्या, कोनसुद्धा केसभर चुकलेला नव्हता. फक्त उजवीची काच डावीकडे होती आणि डावीची उजवीकडे.

हे कसं झालं ते कळायला त्याला विचार करावा लागला नाही. त्याच्या हातांना ते माहीत होतं. अकरा वर्षं तो आणि भिंगरीची आई, दोघं या दुकानात एका टेबलाच्या दोन बाजूंना बसत आली होती. ती नंबर तपासून काचेवर ठिपके मारायची आणि दोन खणांच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये काचा ठेवून ट्रे त्याच्याकडे सरकवायची. तो सहाणेच्या चाकावर काच घासून फ्रेमच्या आकाराची करायचा. ती समोर बसलेली, त्यामुळे तिचा उजवा हात त्याच्या डाव्या बाजूला. उजव्या डोळ्याची काच ती स्वतःच्या उजव्या खणात ठेवायची, म्हणजे त्याच्या डाव्या. पहिल्या आठवड्यात दोन चष्मे उलटे झाले होते आणि दोघं भांडली होती. “माझ्या बाजूनं ठेव ना!” “माझ्या बाजूनंच ठेवते आहे!” मग ठरलं, ती ठेवते तसंच ठेवणार, त्यानं उलटं उचलायचं. त्याच्या हाताला ते इतकं बसलं, की उजवा म्हटलं की हात आपोआप डाव्या खणात जायचा. ती गेली. दीड महिना दुकान बंद होतं. उघडल्या दिवशी त्यानं ठरवलं, पहिला चष्मा भिंगरीचा करायचा. नंबर तिच्या आईनंच डॉक्टरांकडून काढून आणला होता, कार्ड तिच्याच पर्समध्ये सापडलं. तो एकटा बसला, ठिपके मारले, उजवी काच उजव्या खणात ठेवली, डावी डाव्या. आणि मग चाकाशी बसून हात पुढे केला. समोरच्या खुर्चीत कोणी नव्हतं. हाताला ते कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात आणखी दोन चष्मे असेच गेले होते. एक टेम्पो चालवणाऱ्याचा. तो दुसऱ्याच दिवशी दारातूनच ओरडत आला, “शेठ, रस्ता माझ्या अंगावर चालून येतोय! मी चालवू की तो?” दुसरी शिवणकाम करणारी बाई. तिला सुई तिरकी दिसत होती. चष्मेवाल्यानं दोघांनाही बसवलं, चूक माझी म्हणाला, तिथल्या तिथे नव्या काचा कापून दिल्या. चूक कशामुळे झाली तेही त्याला त्याच वेळी कळलं होतं. त्या दिवशी त्यानं शटर अर्धं ओढून तासभर कुणाला आत घेतलं नाही, आणि नंतर प्रत्येक काचेवर पेन्सिलीनं ‘उ’ आणि ‘डा’ लिहायला सुरुवात केली. दोन चष्मे दुरुस्त झाले. तिसरा घरात फिरत होता, भिंतीला हात लावून. आणि तो त्याला एकदाही आठवला नाही.

तिनं सांगितलं नव्हतं असं नाही. पहिल्याच दिवशी, चष्मा घालून दुकानाच्या पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, जमीन वाकडी आहे.” तो म्हणाला, “सवय होईल.” नव्या चष्म्याचं कुणीही काही म्हणालं की पहिल्या दिवशी हेच सांगायचं असतं. दुसऱ्या दिवशी जेवताना ताट दोन्ही हातांनी धरून बसली. “ताट घसरतंय.” तो म्हणाला, “घसरत नाहीये. बघ, हात सोड.” तिनं सोडला. ताट खरंच घसरलं नाही. तिनं एकदा ताटाकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं होतं. तिसऱ्या दिवशी, “दार झोपलंय.” त्याची मोठी बहीण तेव्हा घरात होती, तिघांचा संध्याकाळचा स्वयंपाक तीच येऊन करायची. ती कढईत उलथणं आपटत म्हणाली, “नाटकं आहेत ही. आई नाही म्हटल्यावर सगळ्यांनी आपल्याकडे बघावं असं वाटतं. तू लक्ष देऊ नकोस, आपोआप बंद होईल.” आणि झालंही. पाचव्या की सहाव्या दिवशी त्यानं विचारलं, “आता दिसतंय ना छान?” भिंगरी म्हणाली, “छान.” त्याला केवढं हायसं वाटलं होतं. बहिणीला त्यानं अभिमानानं सांगितलं, बघ, झाली सवय. झालीच होती. तिला जमिनीची सवय झाली नव्हती, गप्प राहायची झाली होती.

तो खुर्चीसमोर जमिनीवर बसला. आता त्याचं डोकं तिच्या गुडघ्यांच्या खाली आलं.

“भिंगरे, तू सांगितलं होतंस जमीन वाकडी आहे. आठवतं?”

ती सावध झाली. “आता नाहीये.”

“आहे. तुझ्या चष्म्यातून तशीच दिसत असणार. मी काचा उलट्या बसवल्या. इकडची तिकडे. चूक माझी. तू बरोबर सांगत होतीस.”

तिनं चष्मा घेतला, उलटसुलट करून बघितला, काचेतून त्याच्याकडे बघितलं, मग काच बाजूला करून बघितलं. त्याला वाटलं होतं ती खूश होईल. ती कपाळाला आठ्या घालून विचार करत होती.

“ताट पण?”

“ताट पण.”

“पण तू म्हणालास घसरत नाहीये.”

“मला घसरताना दिसलं नाही. तुला दिसत होतं. मी तुझं ऐकून घ्यायला पाहिजे होतं.”

“मग का नाही घेतलंस?”

दमलो होतो, म्हणावं तर ते खरं होतं. आई गेली म्हणून, म्हणावं तर तेही खरं होतं. पण ते कारण आता इतकं वापरून झालं होतं, की ते पुन्हा काढायची त्याला शरम वाटली. तो म्हणाला, “मला वाटलं मला जास्त कळतं.”

“हं,” भिंगरी म्हणाली, बालवाडीच्या बाईंसारखी. मग म्हणाली, “आत्याला पण सांग.”

त्या नंबरच्या काचा ड्रॉवरमध्ये होत्या, पण कापायला तासभर लागणार होता. तोवर त्यानं तपासणीच्याच फ्रेममध्ये बरोबर काचा, बरोबर बाजूंना घातल्या आणि मागून दोरीनं बांधून दिल्या. दुकानात येणाऱ्या प्रत्येकानं ते ध्यान बघितलं. पोस्टमास्तर छत्री विसरले म्हणून आले होते, ते म्हणाले, “नवीन डॉक्टर का? फी किती?” भिंगरी जमिनीकडे बघत होती. फरशीच्या एका रेघेवरून दाराशी गेली, परत आली. मग खाली बसून फरशीवर तळहात टेकवला, दाबून बघितला, जसा आपण तव्याचा अंदाज घेतो. चाकाचा आवाज चालू होता आणि तो एक डोळा काचेवर, एक तिच्यावर ठेवून घासत होता. ट्रेमध्ये आज त्यानं काचा तिच्या आईसारख्या ठेवल्या होत्या, उजवी आपल्या डाव्या खणात. पेन्सिलीचा ‘उ’ होताच, पण त्याला वाटलं, हाताला जे येतं ते राहू द्यावं, ट्रेमधली मांडणी बदलावी.

“कसं आहे?” त्यानं विचारलं.

“छान,” भिंगरी म्हणाली.

आणि तिथे त्याला कळलं, की काचा दुरुस्त झाल्या तरी काम झालेलं नाही. हे ‘छान’ आणि कालचं ‘छान’ यांत फरक कसा ओळखायचा? शब्द तोच, आवाज तोच. आता ती खरं सांगत असेलही. पण त्याला ते कळायला काही मार्ग उरला नव्हता. तिनं एकदा तरी ‘नको’ म्हटल्याशिवाय तिच्या ‘छान’वर त्याला विश्वास ठेवता येणार नव्हता. म्हणजे तिची आई कपाट आवरता आवरता बोलली होती तेच.

संध्याकाळी त्यानं बहिणीला सांगितलं, भिंगरीसमोरच. बहीण म्हणाली, “अगं बाई! तरीच. बरं झालं वेळेवर सापडलं,” आणि कणीक मळायला वळली.

“आत्या,” भिंगरी म्हणाली, “तू पण सांग.”

“मी काय सांगू?”

“तू नाटकं म्हणालीस.”

“मी?” बहिणीनं भावाकडे बघितलं. आयुष्यभर तिनं त्याला सांभाळलं होतं, त्याच्या सगळ्या परीक्षांच्या वेळी देवासारखी धावून आली होती, आताही घर तिच्यावर चाललं होतं. तो खाली बघून म्हणाला, “म्हणालीस, ताई.”

“म्हणाले असेन. अरे, घरात माणसं दहा गोष्टी बोलतात.” भिंगरी तिच्याकडे बघतच राहिली. ती पिठाचे हात झटकत म्हणाली, “बरं बाई, चुकले. आता काय कान धरू?”

भिंगरीनं थोडा विचार केला. “एकच धर.”

बहिणीनं खरोखर पिठाच्या हातानं एक कान धरला. मग तिला हसू फुटलं, ते आवरेना. पदर तोंडाला लावला तर पीठ नाकात गेलं आणि शिंका सुरू झाल्या. भिंगरी गंभीरपणे बघत होती, मग तीही हसली. घरात हसण्याचा आवाज झाला तेव्हा तो दचकला. चुकून कुणाच्या घरात शिरलोय असं त्याला एक क्षण वाटलं.

त्यानंतरचे दिवस तो एका ‘नको’ची वाट बघत होता. गंमतच होती. आईबाप पोरानं ऐकावं म्हणून झुरतात, हा तिनं नाही म्हणावं म्हणून झुरत होता. दूध गरम आहे का? छान. हा फ्रॉक घालू या? हो. बागेत जाऊ की घरी थांबू? तू म्हणशील तसं. तो स्वतःवर लक्ष ठेवायला लागला, तेव्हा त्याला आपलं बोलणं ऐकू आलं. आवडलं ना? दुखत नाही ना? जेवण झालं ना पोटभर? दुकानात त्यानं कधी कुणाला ‘दिसतंय ना स्पष्ट?’ असं विचारलं नव्हतं. त्याच्या उस्तादानं पहिल्याच दिवशी त्यासाठी त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. “उत्तर तूच देणार असशील तर खुर्चीतल्याला घरी पाठव!” घरी मात्र त्याचा प्रत्येक प्रश्न आपलं उत्तर काखेत घेऊनच निघत होता. तो विचारायच्या आधी थांबायला शिकला. विचारून झाल्यावर तर जास्तच थांबायला. हे फार अवघड होतं. लहान मूल उत्तर शोधायला किती वेळ घेतं! त्याला आठवलं, तिची आई कशी हात पुढे करून उभी राहायची. तेव्हा त्याला ती रिकामी उभी आहे असं वाटायचं.

भिंगरी हळूहळू भिंत सोडून चालायला लागली. पायरीवर पाय अजून उंच उचलायची, पण तो पायांचा जुना हिशेब होता, जाईल. एके दिवशी बालवाडीच्या मैदानात ती हात पसरून गरगर फिरली आणि धप्पकन बसली. तो फाटकाशी उभा होता. धावत गेला नाही. ती डोलत उठली आणि ओरडली, “बाबा, जमीन फिरतेय! पण ही माझी मी फिरवलीय!” घरी येईपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर हसू तसंच होतं, समोरून येणारी माणसं ओळखीची असल्यासारखी हसून जात होती.

आणि मग सुट्टीची सकाळ आली. सुट्टीच्या दिवशी घाई नसायची, म्हणून तो तिच्या वेण्या नीट घालायचा. ही विद्या त्यानं मोठ्या कष्टानं मिळवली होती. भिंगरीची आई गेल्यावर पहिले दिवस बहीण वेण्या घालायची, पण सकाळी तिचंही घर असायचं. मग त्यानं काचांच्या खोक्यांना येणाऱ्या तीन फिती खुर्चीच्या पाठीला बांधल्या आणि दुकान बंद असल्याच्या त्या दीड महिन्यात वेणी घालायला शिकला. अजून एक थोडी जाड, एक थोडी बारीक व्हायची, पण सुटायची नाही. साऱ्या कामांत हे एक काम त्याला जमलं होतं. केस लांब होते, कमरेपर्यंत. तिच्या आईनं ते कधी कापू दिले नव्हते. आरशासमोरच्या बुटक्या स्टुलावर भिंगरी बसली, मागे तो. त्यानं कंगवा घातला. खांदे किंचित वर झाले. आधीही होत असतील. आज त्यानं ते बघितलं आणि कंगवा थांबवला.

“दुखतं?” त्यानं विचारलं. पुढे काही जोडलं नाही.

आरशात तिचे डोळे वर त्याच्या चेहऱ्याकडे आले. त्यानं चेहरा काही केला नाही, लपवलाही नाही. खाली रस्त्यावरून कुणीतरी लोखंडी गाडा ढकलत नेत होतं, त्याचा खडखडाट जवळ आला, लांब गेला, पार संपला.

“हो,” भिंगरी म्हणाली.

“कधीपासून?”

“तू घालतोस तेव्हापासून.” मग, एकदा दार उघडल्यावर मागून सगळे आत यावेत तसं, “तू ओढतोस. आणि इकडची घट्ट होते. आणि मला वेणी नको. मला केसच नकोत.”

“मुळीच?”

“थोडे ठेव. कापून टाक.”

कंगवा त्याच्या हातात होता, डाव्या हातात केस. त्यानं ‘नको’ मागितला होता, तो मिळाला होता, आणि तो बरोबर तिथे येऊन लागला जिथे त्यानं हात आडवा धरला असता. त्यानं केसांकडे बघितलं. केस वरून वाढतात. म्हणजे मुळाशी दोन बोटं केस तेवढे गेल्या तीन महिन्यांतले, त्याच्या हातचे. त्याखालचे सगळे, मानेवरून कमरेपर्यंत, तिच्या आईनं विंचरलेले. अगदी टोकाचे तर तिनं पाळण्यातल्या पोरीच्या कपाळावरून मऊ ब्रशनं मागे केलेले. जे कापायचं होतं ते नेमकं तेच होतं. बघू या, उद्या, मोठी झालीस की, आत्याला विचारू. किती तरी उत्तरं तयार होती, एकाहून एक सोपी.

“मला कापावेसे वाटत नाहीत,” तो म्हणाला.

“का?”

“आई विंचरायची ते. म्हणून.”

भिंगरीनं एक मोकळी बट पुढे ओढून घेतली, टोक नाकाजवळ धरून बघितलं. तिच्या ओठाचा एक कोपरा खाली गेला, पुन्हा जागेवर आला. “आईनं ओढलं नाही कधी,” ती म्हणाली. मग हळूच, पण स्पष्ट, “पण केस माझे आहेत.”

“हो,” तो म्हणाला. “तुझे आहेत.”

“कापलेले तू घे. तुला ठेवायला.”

त्यानं मान हलवली. शिवणकामाच्या डब्यातून मोठी कात्री आणली, तिच्या खांद्यांवर टॉवेल टाकला, टाकायच्या आधी टॉवेल पुढे धरून थांबला, आणि तिनं मान पुढे केली. कात्री त्यानं स्टुलाशेजारी ठेवली. घाई नव्हती. त्यानं हाताची कड तिच्या कानाच्या पाळीशी लावली. “इथपर्यंत?” मग हात खाली घेऊन खांद्याशी. “की इथपर्यंत? आधीचं की आत्ताचं?”

भिंगरीनं चष्मा नाकावर नीट बसवला आणि आरशात बघितलं. डोकं डावीकडे कललं, उजवीकडे कललं.

“आधीचं परत दाखव.”

त्यानं परत दाखवलं.

“आता ते दुसरं.”

त्यानं दुसरं दाखवलं. ती एकदाही त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. गाल फुगवून, भुवया आवळून ती स्वतःकडेच बघत होती, त्या पोस्टमास्तरांसारखी, की दोन्ही वाईट आहेत, तुझ्याकडे तिसरं काही आहे का. त्याचा हात अवघडला. त्यानं तो तसाच खांद्याशी धरून ठेवला.

“थांब,” ती म्हणाली. “अजून बघतेय.”

तो थांबला.